हळू, बाबा झोपलेत

“हळू,” आई म्हणाली.

मी दिवसभरासाठी घरी आले होते आणि नुसती पिशवी जमिनीवर ठेवली होती. मग तिचं तिलाच हसू आलं. “बघ, अजून तोंडात तेच बसलंय.”

बाबा झोपलेले नव्हते. बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ खुर्ची टाकून ते चांगले टक्क जागे बसले होते. सकाळचे दहा वाजले होते आणि माझ्या उभ्या आयुष्यात सकाळी दहा वाजता जागे असलेले बाबा मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच वेळा पाहिले होते.

बाबा वर्तमानपत्राच्या छापखान्यात मशीनमन होते. एकतीस वर्षं रात्रपाळी. जगाच्या बातम्या छापायच्या आणि जग त्या वाचायला उठलं की घरी येऊन झोपायचं. सकाळी सहा ते दुपारी दोन. त्या आठ तासांभोवती आमचं सगळं घर फिरायचं. दाराच्या घंटीत आईने कागदाचा बोळा कोंबून ठेवला होता, त्यामुळे आलेला माणूस बटण दाबून दाबून शेवटी कंटाळून परत जायचा. कुकरची शिट्टी व्हायच्या आतच ती गॅस बंद करायची, म्हणून आमच्याकडचे बटाटे कायमचे कच्चे. खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे, फोनभोवती टॉवेल. दादा आणि मी भांडायचो तेसुद्धा कुजबुजत. केस ओढायचे, चिमटे काढायचे, पण ओरडायचं नाही. शाळेत बाई म्हणायच्या, “अगं, जरा मोठ्याने वाच,” आणि माझा घसा ऐन वेळी दगा द्यायचा.

निवृत्त होऊन बाबांना आता तीन महिने झाले होते. झोपायच्या खोलीतला जाड काळा पडदा निघाला होता. कुजबुज मात्र जागच्या जागी होती.

आईने मला स्वयंपाकघरात ओढलं, ओट्याकडे तोंड केलं आणि वाटाणे सोलत बोलायला लागली. ती नेहमी अशीच बोलते, भिंतीकडे बघून, म्हणजे आवाज आतल्या खोलीत जायला नको.

“घर खायला उठलंय त्यांना,” ती म्हणाली. “दिवसभर खुर्ची इकडून तिकडे सरकवत बसतात. मी काही विचारलं की नुसतं ‘हं’. काल म्हटलं, शेजारच्या बाई पडल्या, पाय मोडला त्यांचा. तर हसून म्हणतात, ‘छान’.”

मला हसू आवरेना.

“हसू नकोस. एवढा कामाचा माणूस रिकामा बसला की असंच होतं. मी मॅनेजरसाहेबांना फोन केला होता. छापखान्याच्या. कागदाच्या गोदामावर देखरेखीला माणूस हवाय म्हणे, दिवसपाळीला. आज चार वाजता ते फोन करतील. आपण हो म्हटलं की सोमवारपासून जायचं.”

“बाबांना विचारलंस?”

“विचारलं ना. इथंच उभी होते. म्हटलं, जाल का परत कामाला? लगेच ‘हं’ म्हणाले.” तिच्या बोटांतला वाटाणा उडून ओट्याखाली गेला. तिने तो शोधला नाही. “क्षणभर विचारसुद्धा केला नाही गं. एकतीस वर्षं मी वाट बघितली, की कधी हा माणूस दिवसाउजेडी माझ्याजवळ बसेल. बसला, आणि तीन महिन्यांत कंटाळला.”

मी चहाचा कप घेऊन बाहेर गेले. बाबांची खुर्ची मघापेक्षा दोन हात पुढे सरकली होती.

“ये, बरोबर वेळेवर आलीस,” ते म्हणाले. “आता ते कपाटावर चढेल.”

“कोण?”

“ऊन.”

मी बघितलं. जमिनीवरचा उन्हाचा पट्टा कपाटाच्या पायाशी पोचला होता. बाबा त्याच्याकडे असे बघत होते, जसे काही ते पाहुणे म्हणून आले आहेत आणि घरमालक त्यांना घर दाखवतोय.

“नऊला ते दारातून येतं,” ते सांगू लागले. “अकराला या कपाटाच्या आरशावर. मग वर छतावर त्याचा एक तुकडा थरथरत राहतो, तुझी आई दार उघडते-मिटते तसा हलतो. बाराला आमच्या पलंगावर. तिथे मी एवढी वर्षं घोरत पडलेलो, आणि ते बिचारं रोज काळ्या पडद्यापर्यंत येऊन परत जायचं. चारला स्वयंपाकघरात. तुला माहीत होतं हे?”

मला माहीत नव्हतं. त्या घरात मी वाढले, पण उन्हाकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. आरशात ऊन शिरलं आणि छतावर खरंच एक तुकडा हलायला लागला. आम्ही दोघं माना वर करून तो बघत बसलो. किती वेळ गेला कुणास ठाऊक. चहा गार झाला. मला वाटलं, हा माणूस कंटाळलेला असेल तर मग सुखी माणूस कसा दिसतो?

“बाबा, तुम्हाला कंटाळा नाही ना येत?” मी छताकडे बघतच विचारलं.

“हं,” बाबा म्हणाले.

माझ्या डोक्यात काहीतरी खटकलं. मी तोंड खिडकीकडे वळवलं आणि आमच्या घरच्या नेहमीच्या आवाजात म्हटलं, “बाबा, तुमच्या शर्टाला आग लागलीय.”

“हं.”

मी उठले आणि त्यांच्या समोर जाऊन बसले. “बाबा, कधीपासून?”

ते माझ्या ओठांकडे बघत होते. मग हळूच हसले, चोरी पकडल्यासारखे.

“तू चौथीत होतीस,” ते म्हणाले. “मशीन सुरू झालं की तिथे कुणाच्या बापाचं ऐकू यायचं नाही. आम्ही ओठांवरच बोलायचो. फोरमन त्या टोकावरून शिव्या द्यायचा आणि आम्ही इकडून त्या बघायचो. घरीही तसंच चालून जातं. पण तुझी आई भिंतीशी बोलते.”

“म्हणजे आम्ही जी सगळी वर्षं... घरात हत्ती नाचला असता तरी तुम्हाला...”

“हत्ती कळला असता. जमीन हलते.”

“बाबा!”

“सांगणार होतो गं. आधी नोकरीची भीती. बहिरा माणूस मशीनवर ठेवत नाहीत. आणि मग... दार जरासं किलकिलं असायचं. कधी जाग आली की मी पडल्या पडल्या बघायचो. तू आणि दादा चवड्यांवर चालताय. तुझी आई एकेक ताट मधे फडकं घालून ठेवतेय. कुणाचाच आवाज नाही, सगळं आपलं पाण्याखाली चालल्यासारखं. आणि हे सगळं माझ्यासाठी. माझ्यासाठी एवढं कुणी कधी केलं नव्हतं. ते बंद करा म्हणून कसं सांगायचं?”

मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही. मग त्यांना नीट दिसेल अशा बेताने, एकेक शब्द सुटा करून, चार वाजताच्या फोनचं सांगितलं.

बाबांनी आपल्या नखांकडे पाहिलं. नखांच्या कडांची शाई तीन महिन्यांत निघाली नव्हती.

“तिला माझी अडचण होत असेल तर जातो,” ते म्हणाले. “मला आपलं वाटत होतं, मी आत्ता कुठे घरी आलोय.”

“हे तिला सांगा. मी मधे पडणार नाही.”

जेवणं झाली. बाबांनी खुर्ची पलंगाजवळ नेली, तिथून स्वयंपाकघराच्या दारात नेली. मी त्याच पलंगावर आडवी झाले आणि मला डोळा लागला. फोनच्या आवाजाने जाग आली तशी उठून स्वयंपाकघरापाशी आले. टॉवेलमध्ये गुंडाळलेला फोन घुसमटून वाजत होता. आई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. चारचं ऊन तिच्या हातांवर पडलं होतं. बाबा दारात होते.

“हो म्हणून सांगू ना?” तिने भिंतीला विचारलं.

बाबा पुढे गेले. त्यांनी तिचे दोन्ही खांदे धरले आणि तिला वळवून उजेडात घेतलं.

“इकडे बघून बोल,” ते म्हणाले. “मला ऐकू येत नाही. वीस-बावीस वर्षं झाली.”

फोन वाजून वाजून थांबला. आईचा चेहरा लाल झाला.

“मी एकतीस वर्षं शिंका दाबल्या हो!”

तिने ओट्यावरचं स्टीलचं ताट उचललं आणि जमिनीवर आपटलं. मी दचकून भिंतीला टेकले. ताट गरगरत दारापर्यंत गेलं, तिथे बराच वेळ खणखणलं आणि निजलं.

“हे थोडं ऐकू आलं,” बाबा म्हणाले.

आई हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. मग तिने डोळे पुसले. “आणि परवाचं ते ‘हं’? कामाला जाल का विचारलं तेव्हाचं?”

“मला वाटलं, चहा घेता का म्हणालीस.”

फोन पुन्हा वाजला. आईने या वेळी टॉवेल ओढून काढला आणि रिसीव्हर उचलला. “नाही हो साहेब,” ती म्हणाली. “त्यांना वेळ नाही.”

“कानाचं मशीन मिळतं, बाबा,” मी म्हटलं.

“एका मशीनने कान नेले, दुसरं आणू. आणू की, घाई काय आहे?”

“तोवर तू मोठ्याने बोल,” मी आईला म्हटलं. आजी नेहमी सांगायची, लग्नाआधी हिची हाक चार घरं ओलांडून जायची. आई हौसेने बाहेरच्या खोलीच्या पार टोकाला गेली. छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं आणि “अहो!” म्हणाली. कुजबुजच निघाली. तिने घसा खाकरून पुन्हा हाक मारली. पुन्हा तेवढीच.

तिने गळ्यावर हात ठेवला. “गेला गं आवाज,” ती म्हणाली. “वापरलाच नाही ना.”

मग तिने स्टूल उचललं, स्वयंपाकघरात उन्हाच्या पट्ट्यात आणून ठेवलं, आणि बाबांची खुर्ची ओढून त्याच्यासमोर आणली. दोघं बसले. आईचे ओठ हलायला लागले. आवाज नाही, कुजबुजही नाही, नुसते ओठ. बाबा बघत होते. मधेच ते हसले. मग त्यांचेही ओठ तसेच हलले आणि आईने त्यांच्या हातावर चापट मारली.

“काय बोलताय?” मी दारातून विचारलं.

दोघांनीही वळून पाहिलं नाही. ऊन ओट्यावरून उतरून त्यांच्या गुडघ्यांवर आलं होतं. मी पिशवी दोन्ही हातांनी उचलली, चवड्यांवर चालत बाहेर आले, आणि कडीचा आवाज होणार नाही अशा बेताने दार ओढून घेतलं.