मागखात्यातली बोली

"आजी, हळू बोला, नाहीतर बाहेर बागेत बसा," तरुण ग्रंथपाल तिसऱ्यांदा सांगून गेली, तशा मुकादमबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. बागेत? जिथे उभं आयुष्य गेलं, तिथून आपल्यालाच बाहेर काढायचं?

कापडगिरणी बंद पडल्यावर ती पाडायला निघाले होते. मुकादमबाई आणि त्यांच्या हाताखालच्या बायांनी फाटकाशी ठाण मांडलं म्हणून भिंती वाचल्या आणि जिथे माग चालत त्या मागखात्याचं वाचनालय झालं. उंच खिडक्या तशाच, लोखंडी खांब तसेच, फक्त मागांच्या जागी टेबलं. मुकादमबाईंना ते मनापासून आवडलं होतं. आपल्या सात जणींना घेऊन त्या रोज दुपारी येत. अडचण एकच होती. मागांच्या खडखडाटाने सगळ्यांचे कान गेलेले, त्यामुळे त्यांची कुजबुजही अख्खं दालन ऐके.

"तिचं काही चुकत नाही," त्या सात जणींतली लांबडी म्हणाली, तीही ओरडूनच. "पोरं अभ्यास करतायत. चला बागेत."

मुकादमबाई जागच्या हलल्या नाहीत. "एकतीस वर्षं इथं कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. तेव्हा काय आपण गप्प होतो?"

लांबडीला ते लगेच उमगलं. ती उठली आणि पार टोकाला, खिडकीखालच्या आपल्या जुन्या जागी जाऊन बसली. तिथून तिने दोन बोटं गालाला लावली. म्हणजे, आले मी. कामाची पाळी सुरू होताना प्रत्येकीने द्यायची ती हजेरी. माग चालू असताना त्या अशाच बोलत, ओठांनी, भुवयांनी, बोटांनी. या बोलीत त्यांनी लग्नं जुळवली होती, भांडणं उकरून काढली होती आणि एक अख्खा संप ठरवला होता. साहेबाला शेवटपर्यंत पत्ता लागला नव्हता.

आठही जणी दालनभर पांगल्या आणि तासभर गप्पा झोडल्या. खुर्चीसुद्धा करकरली नाही. एकदा मात्र सगळ्यांचे खांदे हसण्याने एकदम गदगदले, तेव्हा ग्रंथपालाला राहवेना. तिने चिठ्ठी आणून पुढे ठेवली. तीवर लिहिलं होतं, 'काय बोलताय?'

मुकादमबाईंनी चष्मा लावून वाचलं. त्यांचा ऊर अभिमानाने भरून आला. त्यांनी खाली लिहिलं, 'उद्यापासून शिकवते.'

दुसऱ्या दिवशी त्या आत शिरल्या, तेव्हा ग्रंथपालाने टेबलामागून, जरा लाजतच, दोन बोटं गालाला लावली. नव्या कामगारणीची हजेरी घ्यावी तशी मुकादमबाईंनी मान डोलावली आणि त्या आपल्या जागेवर जाऊन बसल्या.