बाहेरून कडी

"तुमची मुलगी गणिताचा पेपर अर्धा टाकून वर्गाबाहेर गेली. तासभर शोधतोय, शाळेत कुठेच नाही," वर्गशिक्षिका फोनवर म्हणाल्या.

लिफ्ट दुरुस्त करणारा तो बाप तेव्हा सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मधोमध, लिफ्टच्या टपावर उभा होता. हातातला पाना त्याने पेटीत ठेवला आणि तसाच ग्रीसच्या हातांनी निघाला.

मुलगी बसडेपोत सापडली. कठड्यावर बसून मागे घेतल्या जाणाऱ्या बसेस बघत होती. चौदा वर्षांची, घरात सगळे तिला भिंगरी म्हणायचे.

"किती वेळ बसलीयस इथे?"

"दहा मिनिटं झाली असतील." दोन तास झाले होते. "बाबा, मी पहिली आकृती इतकी छान काढली ना, की अर्धा तास त्यातच गेला. मग सगळ्यांच्या पेनांचा आवाजच ऐकू यायला लागला."

दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी एडीएचडीचं निदान केलं होतं. हा आळस नाही, उर्मटपणा नाही, लक्ष एका जागी धरून ठेवणं हिला खरंच जड जातं, असं समजावून सांगितलं होतं. वीस मिनिटं अभ्यास, मग पाच मिनिटं मोकळीक, असा क्रम ठरला होता. तो चार दिवस टिकला.

शाळेने फेरपरीक्षा दिली, पण मुख्याध्यापिकांनी सांगून टाकलं, "यात गणित सुटलं नाही तर वर्ष जाईल."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो कामावरून आला, तर मुलीच्या खोलीला बाहेरून कडी होती. दारासमोर खुर्ची टाकून बायको बसली होती.

"तास भरेपर्यंत उघडायचं नाही," ती म्हणाली. "सकाळपासून सात वेळा उठली. तुम्ही दिवसभर बाहेर. मी थकले हो."

"आतून आवाज येत नाहीये."

"म्हणजे अभ्यास करतेय."

त्याने कडीकडे पाहिलं. अकरा वर्षांचा असताना तो अशाच एका दाराबाहेर बसला होता. आत सोळा वर्षांचा दादा होता. सारखा नापास होणारा, एका जागी न टिकणारा. "कडी काढलीस तर याद राख," वडील बजावून गेले होते. दादाने आतून हलकेच दार वाजवलं होतं. "छोट्या, उघड ना रे. पाणी तरी दे." छोट्याने कानांवर हात घेतले. वडील आले तेव्हा खिडकी सताड उघडी होती. दादा परत आलाच नाही. चौतीस वर्षं झाली. अजूनही लिफ्टमध्ये अडकलेलं कोणी दार वाजवू लागलं, की हा आधी ओरडून सांगायचा, "मी इथेच आहे, कुठे जात नाहीये." सोबतचे कारागीर हसायचे.

त्याने कडी काढली. भिंगरी फरशीवर उताणी पडून पंख्याकडे बघत होती. त्याने भिंतीला टेकून खाली बसकण मारली. पेटीतून पेचकस काढला, उठला आणि कडीचे चारही स्क्रू काढून टाकले.

"मग तुम्हीच घ्या अभ्यास," बायको म्हणाली. तिचा आवाज चिरकला.

"घेतो. तूही ये. तुला एक सांगायचंय. दोघींनाही."

दादाबद्दल बायकोला एवढंच माहीत होतं, की तो घर सोडून गेला. दाराबाहेर कोण बसलं होतं, हे त्याने त्या संध्याकाळी प्रथमच सांगितलं. बायकोने खुर्ची उचलून आत, टेबलाशी नेऊन ठेवली.

पुढचे तीन आठवडे तो लवकर घरी येई. एका कागदावर एकच गणित. सुटलं की घरभर एक चक्कर. कधी ती चिडून वही फेकायची, कधी तो चिडायचा आणि जिन्यात जाऊन उभा राहायचा. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तो शाळेत तीनदा गेला, तेव्हा कुठे वेगळी खोली आणि मध्ये दहा मिनिटांची सुट्टी मिळाली.

भिंगरीला छत्तीस गुण पडले. पस्तिसाला पास होतं.

निकाल घेऊन दोघं चालत घरी निघाले. ती दोन पावलं पुढे, दोन मागे.

"बाबा, काका आता केवढे असतील?"

"पन्नास."

"मग केस पिकले असतील."

तो थबकला. इतकी वर्षं स्टेशनावर, बाजारात, रांगांमध्ये तो सोळा-सतरा वर्षांची पोरं न्याहाळत आला होता.

"असतील," तो म्हणाला. समोरून एक पिकल्या केसांचा माणूस पिशवी घेऊन येत होता. तो जवळून पुढे जाईपर्यंत बाप त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.