दप्तरातला शेवटचा भाग

समजा, बाळांनो, तुम्ही पवनीला एका विणकराच्या घरात बसला आहात. समोर हातमाग आहे, पण आज त्याची खटखट बंद आहे. मागावरचे उभे धागे विणून संपत आले की विणकर त्यांची टोकं काढून टाकत नाहीत. ती तशीच ठेवतात आणि बोटांना राख लावून, पीळ देऊन, एकेका टोकाला एकेक नवा धागा जोडतात. अख्खा दिवस त्यातच जातो. गल्लीतल्या बायका मदतीला येतात. हात गुंतलेले, कान मात्र मोकळे. दिसलं ना सगळं? आता खिडकीजवळचा तो पाट बघा. त्या पाटावर बसून कुणीतरी गोष्ट वाचायची, अशी या घरची रीत.

तो पाट रुचिकाचा होता. माग तिच्या आईचा, चंद्रकांताबाईंचा, आणि सहावीतल्या रुचिकाचं वाचनही स्पष्ट. ती शाळेच्या कपाटातून एकाच पुस्तकात संपणारी गोष्ट आणायची. संध्याकाळी धागे संपायचे, गोष्टही संपायची. छान होती म्हणत बायका राखेचे हात धुऊन घरी जायच्या.

मग भंडाऱ्याहून मोनिका शेजारी राहायला आली. एकदा रुचिकाचा घसा बसला, म्हणून मोनिकानं आपलं पुस्तक वाचलं. माहुताची मुलगी हरवलेली हत्तीण शोधत जंगलात जाते, एवढीच गोष्ट, पण पाच भागांची. पहिला भाग संपला तरी हत्तीण सापडली नव्हती. त्या दिवशी बायका हात धुवायचं विसरून म्हणाल्या, "मंग?"

तेव्हापासून पाट मोनिकाचा झाला. नळावर, किराण्याच्या दुकानात, जो तो तिला थांबवून हत्तिणीची चौकशी करायचा. रुचिकाला कुणीच काही विचारत नव्हतं. संपलेल्या गोष्टीबद्दल काय विचारणार? तो "मंग?" आपल्याला एकदा तरी मिळावा, असं तिला इतकं वाटायचं की मोनिकाच्या दोन वेण्यासुद्धा तिच्या डोळ्यांत खुपायला लागल्या. तिनं आईला पटवून पाहिलं की भागाभागांची गोष्ट म्हणजे नुसतं लांबण लावणं. खरी गोष्ट एका पुस्तकात मावते. आई हसून म्हणाली, "जळून राहिली का वं तू?" रुचिका तडक उठून अंगणात गेली.

चार भाग झाले. पाचवा मोनिकाकडे नव्हता. रुचिकाचे बाबा साड्या पोचवायला भंडाऱ्याला निघाले, तेव्हा मोनिकानं त्यांना तो वाचनालयातून आणायला सांगितला. त्यांनी आणला, मोनिकाला दे म्हणून रुचिकाच्या हाती ठेवला आणि दुसऱ्या दिवशी ते एका लग्नासाठी करडी गावी गेले.

रुचिका पुस्तक घेऊन पायरीवर बसली. ते वाईट निघावं, असं तिला फार वाटत होतं. पण शेवटचं पान येईपर्यंत ती जागची हलली नाही. गोष्ट चांगली होती. त्याचाच तिला जास्त राग आला. तिनं पुस्तक दप्तरात, वह्यांच्या खाली दडवलं.

धागे जोडायच्या दिवशी मोनिकानं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "नाई भेटलं बाबाले." खोटं किती सहज निघालं, याचं तिलाच नवल वाटलं.

"मंग आज हत्तीण सुट्टीवर," मदतीला आलेल्या आनंदाबाई म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या. आईनं रुचिकाला पाटावर बसवलं. मोनिका मुकाट्यानं राख घेऊन धाग्यांपाशी बसली. रुचिकानं आपली एका पुस्तकाची गोष्ट जीव लावून वाचली. ती छोटी होती, दुपारीच संपली. धागे मात्र अर्धे बाकी होते.

"चांगली होती वं पोरी," म्हाताऱ्या शकुनबाई म्हणाल्या. मग धाग्याला पीळ देत पुटपुटल्या, "मले अशीच बरी, एका बैठकीत संपणारी. त्या हत्तिणीनं उगाच जीव लावला. मी त आता परवा लेकाकडे हैदराबादले चालली, कायमची. भेटली का नाई, तिथं मले कोन सांगंल?"

"मी फोन करून सांगीन, आजी," मोनिका म्हणाली.

"फोनवर मले काई ऐकू नाई येत, बाई."

शकुनबाईंना उत्तर माहीत नव्हतं, मोनिकालाही नव्हतं. ते फक्त रुचिकाला माहीत होतं, आणि दप्तर तिच्या पायाशीच पडलं होतं.

तिनं दप्तर उघडून वह्यांखालून पुस्तक काढलं. "बाबानं आणलं होतं," ती म्हणाली. "मी लपवलं."

आईनं तिच्याकडे पाहिलं. मोनिकानं राखेचे हात फ्रॉकला पुसले. रुचिकानं तिला पुस्तक दिलं, पाटही दिला आणि तिच्या जागेवर जाऊन बसली. मत्सर गेला होता का? नाही, बाळांनो. मोनिकाचा आवाज कानावर पडला तशी रुचिकाची चिमूट घट्ट झाली आणि एक धागा तुटला. तिनं तो पुन्हा जोडला.

मोनिका वाचत होती. हत्तिणीची पावलं तलावाच्या काठापर्यंत दिसत होती, पुढे नुसतं पाणी. तिथं पान संपलं. मोनिका पाण्याचा घोट घ्यायला थांबली.

हत्तीण कुठे आहे, ते रुचिकाला ठाऊक होतं. तरी तिनं खाली मान घातली, राखेत बोटं बुडवली आणि सगळ्यांच्या आधी विचारलं, "मंग?"