गुरुवारची सोबत

समुपदेशक ऋता मॅडम कोल्हापूरला बसत आणि हर्षाली नाशकात, इंदिरानगरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. दोघींच्या मध्ये होता स्टीलच्या डब्याला टेकवून उभा केलेला मोबाईल. आणि मोबाईलच्या मागे, ऋता मॅडमना कधीच दिसणार नाही अशा जागी, हर्षालीच्या सासूबाई सगुणाबाई भाजी निवडत बसलेल्या असत.

आठव्या महिन्यात मूल पोटातच गेलं, तेव्हापासून हर्षालीचं बोलणं आटलं होतं. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी समुपदेशन सुचवलं. तिच्या नवऱ्याने, शेखरने, आधी कॉलेज रोडवर एक ठिकाण पाहून ठेवलं होतं. पण तिथल्या बाकावर गावाकडचं, घोटीचं कोणी ना कोणी भेटणार आणि शेखरची बायको डोक्याच्या डॉक्टरकडे जाते ही बातमी त्याच्याआधी गावात पोचणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शिवाय हर्षाली जिना उतरायलाच तयार नव्हती. रस्त्यात कुणाच्या कडेवर तान्हं मूल दिसलं की तिचे पाय जागच्या जागी थिजत. व्हिडिओ कॉलवरच्या भेटींमुळे दोन्ही अडचणी सुटल्या. पहिल्या भेटीत पडद्यावरच्या त्या अनोळखी, शांत चेहऱ्यापुढे ती मनसोक्त रडली आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. एवढा गुण खरा होता. तो तिने कधी नाकारला नाही.

सगुणाबाई बसू लागल्या त्या दुसऱ्या गुरुवारपासून. त्यात त्यांचा काही वाईट हेतू नव्हता. घोटीच्या दवाखान्यात त्यांनी उभ्या आयुष्यात हेच पाहिलं होतं: बाईमाणूस डॉक्टरकडे एकटं जात नाही. सोबत कोणीतरी जातं, दुखणाईत बाईला स्टुलावर बसवतं, आणि कुठे काय दुखतं ते सोबतीणच सांगते. सासूला त्यांनी अशी सोबत केली होती, जावेला केली होती. सुनेला डॉक्टरपुढे एकटं सोडायचं म्हणजे वाऱ्यावर सोडल्यासारखंच.

"आई, हे एकटीनं बोलायचं असतं," हर्षालीने एकदा धीर करून म्हटलं.

"मग बोल की. मी कुठं मधी बोलते? मी आपली नुसती बसते."

"मी आतल्या खोलीत बसू का?"

"तिथं दाराला कडी नाय आता. आन् असती तरी तुला दार लावून बसू दिलं नसतं मी. आधी बरी हो."

"मग कानात इयरफोन तरी घालते."

"आन् ती काय पथ्य सांगती ते मला कसं कळायचं?"

कडी शेखरने काढली होती, भीतीपोटी. त्याच्याकडे तक्रार नेली तेव्हा तो पायातले बूट काढता काढता म्हणाला, "बसली तर बसली. काळजीनंच बसते ना? लोकांच्या सासवा विचारतसुद्धा नाहीत."

सासूबाई बसू लागल्या त्या पहिल्याच वेळी ऋता मॅडमनी विचारलं होतं, "आता आजूबाजूला कोणी नाही ना?" सासू पुढ्यात बसलेली असताना तिच्या तोंडावर तिची तक्रार करायची कशी? हर्षाली "कोणी नाही" म्हणून गेली, आणि मग तो खोटेपणा दर आठवड्याला निभावावा लागला. झोप लागते का, असं विचारलं की समोरून सगुणाबाई गालाशी हात नेऊन मान हलवत. जेवणाचं विचारलं की बोटांनी अर्धी भाकरी दाखवत. हर्षाली ते पाहून उत्तर देई.

"बोलताना तुम्ही अशा वर बघता ना, तेव्हा मनात कुणाशी बोलत असता?" मॅडमनी एकदा मायेने विचारलं. हर्षालीला हसू फुटलं. मॅडमना ती सुधारणा वाटली.

तिला सांगायचं होतं ते एकच. शस्त्रक्रियेनंतर ती शुद्धीवर आली तोवर बाळाला नेऊन पुरलंही होतं. मुलगी होती, एवढंच तिला कळलं. हिला मूल दाखवू नका, जन्मभर डोळ्यांपुढून हलायचं नाही, असं सगुणाबाईंनी सांगितल्याचं नंतर नर्सकडून समजलं. घरात मग तो विषयच बंद झाला. शेखर तर तिने नुसतं तोंड उघडलं तरी टीव्हीचा आवाज वाढवी. तेव्हापासून एक बिनचेहऱ्याचं मूल रोज तिच्या उशाशी येई, आणि त्याला चेहरा द्यायला तिच्यापाशी काहीही नव्हतं.

"हर्षाली," त्या गुरुवारी मॅडम म्हणाल्या, "आपण किती आठवडे झोपेवर आणि जेवणावरच बोलतोय. खरं काय आहे?"

सगुणाबाईंचा हात गालाशी गेला होता. हर्षालीने तिकडे पाहिलंच नाही. तिने नजर पडद्यावर खिळवली आणि एका दमात म्हणाली, "मला माझी मुलगी दाखवली नाही. मी शुद्धीवर यायच्या आत नेली. आईंनी सांगितलं म्हणून. मी त्यांना माफ करू शकत नाही."

समोरची खुर्ची सरकली. सगुणाबाई टेबलाला वळसा घालून आल्या आणि त्यांनी मोबाईल उचलून आपल्याकडे वळवला.

"डॉक्टरीणबाई, मी सांगते. हिला काय ठावं हाय?"

"आपण कोण?" मॅडम गडबडल्या. "हर्षाली, तुम्ही एकट्या आहात म्हणालात..."

"मी सासू. दुसऱ्या गुरवारपास्नं हितंच हाय." सगुणाबाईंना धाप लागली होती. "मी पाह्यलं ना तिला. जावळ काळंभोर, कपाळाला चिकटल्यालं. हनुवटीला खळी, हिच्यासारखीच. माझ्या लुगड्यात गुंडाळली मी तिला. हातात घेतली तवा गरम व्हती हो अजून. कोणापाशी बोलले नाय मी. मी कुठं रडायचं ह्या घरात? ही अशी पडल्याली, पोरगा तसा."

मग कोल्हापूरहून तोच मऊ हुंकार आला, जो इतके आठवडे हर्षालीचा होता. "हं. तुमचंही दुःख मोठं आहे. बोला, मी ऐकतेय."

सगुणाबाई हर्षालीच्याच खुर्चीत बसल्या आणि बोलत राहिल्या. हर्षाली स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून उभी होती. जावळ, खळी, लुगडं: एकेक गोष्ट तिच्यासमोरून परक्या बाईच्या ओंजळीत पडत होती. एक विचारायचं राहिलं होतं. ती पुढे झाली, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "आता मला थांबावं लागेल, पुढची वेळ दिलेली आहे. हर्षाली तिथे आहेत का?"

"हाय, हाय. बरी हाय ती," सगुणाबाई म्हणाल्या, आणि मोबाईल हर्षालीच्या हाती येईतो पडदा काळा झाला होता.

सगुणाबाईंनी पदराने डोळे पुसले. कित्येक महिन्यांत त्यांचा चेहरा इतका सैल दिसला नव्हता. "बाई चांगली हाय. ऐकून घेती."

"हे मला का नाही सांगितलंत?"

"तू कधी इचारलं?"

हर्षालीने मोबाईल टेबलावर पालथा ठेवला. मग म्हणाली, "आता विचारते. डोळे कसे होते तिचे? उघडे होते?"

सगुणाबाईंनी मान फिरवली. "आता नको गं. आत्ताच सगळं बोलून मोकळी झाले. परत नाय व्हायचं माझ्यानं." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "पुढल्या गुरुवारी इचार. डॉक्टरीणबाई असतील तवा."