सरदाराचं सुतक

माघातल्या जत्रेला त्या वर्षी लिंबागणेशात तंबू आला आणि तंबूत म्हणे पडद्यावर हलणारी माणसं आली. ज्यांनी असलं काही पाहिलंच नव्हतं, तेच गावभर जास्त सांगत सुटले होते. खेळ होता जुन्या काळातल्या एका सरदाराचा. त्याचा वाडा, त्याची बायको, त्याची लढाई आणि त्याचं मरण.

तात्याबा धनगराला यातलं काहीच बघायचं नव्हतं. पण त्याची म्हातारी बायको, बायडाबाई, आठ दिवस त्याच्या मागं लागली होती. त्या खेळात तिची पाखरी असणार, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

पाखरी म्हणजे घोडी. दोन दिवसांची असताना तिची आई साप चावून मेली. तेव्हा बायडाबाईनं शेळीच्या दुधात चिंधी बुडवून बुडवून तिला जगवलं. पोटी मूलबाळ नव्हतं, मग काय विचारता! मेंढरांमागं फिरताना सगळं बिऱ्हाड घोडीच्या पाठीवर असायचं आणि घोडी बायडाबाईच्या मागं. पुढं बायडाबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तर ती घोडीच्या मानेवर हात ठेवून पाणवठ्यावर जायची. मग तात्याबाचा गुडघा गेला, मेंढरं सुटली आणि घोडी नुसतीच दारात उभी राहिली. ते उभं जनावर त्याच्या डोळ्यांत खुपायला लागलं. बीडच्या बाजारात पुण्याकडचा एक माणूस सिनेमासाठी घोडी बघत हिंडत होता, त्याला तात्याबानं देऊन टाकली. बायकोला एका शब्दानं विचारलं नाही. घरी येऊन म्हणाला, राजाघरी पडली समज, भरजरी झूल घालून मिरवायचं, दुसरं काम नाही. बायडाबाई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, सुखात हाय ना, मग ऱ्हाऊ द्या. त्या एवढ्या बोलण्यावर तिनं तीन वर्षं काढली होती, आणि खरं सांगायचं तर तात्याबानंही.

तर दिवेलागणीला दोघं तंबूत शिरली. मधोमध दोरी बांधलेली होती, इकडं बाप्ये आणि तिकडं बाया. तात्याबा दोरीच्या अलीकडं बसला आणि बायडाबाई पलीकडं, त्याला चिकटून. तिला पडद्यावर नुसता उजेड हलताना कळायचा, बाकीचं त्यानं सांगायचं असं ठरलं होतं. पदराच्या गाठीत तिनं गुळाचा खडा आणला होता. शेजारची दगडाबाई हसली, चितरातली घोडी गूळ खाती व्हय? बायडाबाईनं तिला शांतपणे सांगितलं की खेळ झाल्यावर जनावरं मागं कुठंतरी बांधतच असतील.

पडद्याजवळ त्रिंबक नावाचा माणूस हातात छडी घेऊन उभा राहिला. चित्रातली माणसं मुकी, त्यामुळं सगळ्यांचं तोच बोलायचा. सरदाराचं, त्याच्या आईचं, शत्रूचंसुद्धा. वाडा दिसला, दरबार भरला आणि लोकांचं भानच गेलं. म्हाताऱ्या सुंदररावांनी पायातले जोडे काढून बाजूला ठेवले, दरबारात जोडे घालून कसं बसायचं? बाया सरदाराच्या आईची दृष्ट काढून कानशिलावर बोटं मोडायला लागल्या. आता कुठं राहिली अशी माणसं, असं जो तो म्हणत होता. तशी माणसं बघितली होती कुणी? एकानंही नाही. पण आठवण मात्र सगळ्यांना येत होती आणि डोळे सगळ्यांचे भरले होते.

मग सरदार लढाईला निघाला आणि तात्याबा ताठ झाला. त्याच्या घोडीच्या कपाळावर पांढरा चांदवा, आणि डावा कान तुटका. तो कान कुत्र्यानं तोडला तेव्हा हळद भरायला तात्याबाच बसला होता. खरंच भरजरी झूल होती की हो अंगावर! चालता चालता मान झटकायची खोडसुद्धा तीच.

"आली," तो दोरीवरून वाकून म्हणाला. "झूल घातलीया. लई झ्याक दिसती."

बायडाबाईचं तोंड जसं फुललं, तसं लग्नातसुद्धा फुललं नसेल. तिनं दगडाबाईला कोपरानं ढोसलं. मान झटकती का, म्हणून विचारलं. झटकती, म्हणाला.

घोडी उधळली, रान तुडवत पुढं आली आणि एकदम पुढच्या पायांवर कोसळली. सरदार पलीकडं फेकला गेला. त्रिंबकनं हंबरडा फोडला की घात झाला, आमचा धनी पडला! सगळा तंबू रडायला लागला. सुंदरराव पागोट्याच्या शेवानं डोळे पुसत होते, बायांनी तर गळाच काढला. सगळ्यांची नजर सरदारावर होती.

तात्याबा घोडीकडं बघत होता. गवतातली दोरी त्याला दिसली होती. दोरी बांधून पाडलं होतं तिला. ती उठायला गेली. पुढचा पाय जिथं वाकू नये तिथं वाकला. ती परत उठायला गेली. तेवढ्यात चित्र बदललं आणि सरदाराचं तोंड तेवढं मोठं दिसायला लागलं. जन्म जनावरांत गेलेल्या माणसाला पुढचं कुणी सांगावं लागत नाही.

"पाखरी कुठं हाय?" बायडाबाईनं विचारलं.

"गेली," तो म्हणाला. "टेकडीच्या पल्याड गेली पळत. तिला काय न्हाई झालं."

खेळ सुटल्यावर लोकांचं रडं थांबेना, तेव्हा त्रिंबक हसत सांगत होता की सरदार ठणठणीत आहे, असली सोंगं रोज करतो. तात्याबानं बायकोला दगडाबाईजवळ उभं केलं आणि त्याला बाजूला गाठून घोडीचं पुढं काय झालं ते विचारलं.

"कुठली घोडी?" त्रिंबक म्हणाला.

तात्याबा परत फिरला. जनावरं मागं बांधलीत का, असं बायडाबाईनं विचारलं. तो म्हणाला, नुसती चितरं आणत्यात, जनावरं पुण्यालाच ऱ्हात्यात. बरं, म्हणाली ती.

त्रिंबकचं ऐकतंय कोण? डोळ्यांदेखत माणूस मेला होता आणि मयत बघून आलं की अंघोळीशिवाय उंबऱ्याच्या आत जायचं नाही, ही रीत. वाटेतल्या विहिरीवर ही झुंबड! माघाच्या थंडीत कुडकुडत माणसं सरदाराच्या नावानं डोक्यावर पाणी घेत होती. दगडाबाईनं हाक मारली. तात्याबा म्हणाला, खोटंच मरण ते, आमाला नको. आणि बायकोला घेऊन पुढं गेला. त्यालाही पाणी घ्यायचं होतं, पण ती निजल्यावर, तिच्या नकळत.

घरासमोर आल्यावर बायडाबाई उंबऱ्याशी थांबली. आत पाऊल टाकेना.

"रांजणातलं पाणी वता माझ्या डोक्यावर," ती म्हणाली.

"आगं, सरदार जित्ता हाय. सोंग व्हतं ते."

"सरदाराचं कोण म्हणतंय?"

तिनं चाचपत तात्याबाचा हात धरला.

"उभ्या जन्मात चार माणसांत तुमी माझा हात धरला न्हाई. आज टेकडीपल्याड गेली म्हणलात आन् दोरीखालनं हात धरला. वाटंनं येतानाबी सोडला न्हाई. मला काय कळत न्हाई व्हय?"

मग तात्याबा लहान लेकरासारखा रडला. मीच धाडली तिला, मीच धाडली, एवढंच म्हणत राहिला. बायडाबाईनं त्याला बोल लावला नाही आणि समजूतही घातली नाही. ती दारातल्या दगडावर जाऊन बसली आणि डोक्यावरचा पदर खाली घेतला.

तात्याबानं तिच्या डोक्यावर पाणी घातलं, मग स्वतःच्या. गार पाण्यानं दोघं थडथडत होती. पदराची गाठ सोडायची तिला आठवण राहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी लुगडं वाळत घालताना तात्याबाच्या हाताला चिकट लागलं, तेव्हा त्याला कळलं की गूळ आतल्या आत विरघळून गेला होता.