सुगंधाचा होऽऽ

बाई आली ती खुर्च्याच उचलायला लागली. सुगंधाचं डोकं फिरलं ते तिथंच. बालवाडीच्या खोलीत चांगल्या दोन खुर्च्या होत्या, एक सुगंधाची आणि एक येईल त्या पाहुण्याची. घाटकोपरच्या या टेकडीवर नळ आला तो सुगंधाच्या मोर्च्यामुळे, दिवे आले ते तिच्याच तोंडामुळे. संपात नवऱ्याची गिरणी सुटली, तेव्हापासून सुगंधाच घर चालवत होती आणि वस्तीही. आणि ही मुलुंडची मृणालिनी म्हणते, "सगळ्याजणी गोल बसू या ना, खालीच."

बसा! खाली बसून कधी कुणी महापालिका हलवली आहे?

वस्त्यांच्या महासंघानं तिला पाठवलं होतं. कार्यकर्त्यांना बैठक कशी चालवायची ते शिकवायला म्हणे. सुगंधाला! मृणालिनीच्या शिकवणीत एकेक तऱ्हा. गोलात एक करवंटी फिरवायची आणि ती जिच्या हातात असेल तिनंच बोलायचं. बैठक चालवणारीनं आपलं मत सांगायचं नाही. आणि कुणी गप्प बसली तर आपण बोलून ती जागा भरायची नाही, थांबायचं.

"थांबून काय होणार?" सुगंधानं विचारलं होतं.

"बघा तर खरं," म्हणून बाई गोड हसली. त्या हसण्याचाच सुगंधाला संशय. एवढं गोड कुणी फुकट हसत नाही.

त्यातून दिवस कसले, तर वस्ती उठवायचे. टेकडी रिकामी करा, मानखुर्दला जागा देतो, असं महापालिकेचे साहेब लोक म्हणत होते. सोमवारी साहेब येणार होता. एकही घर मानखुर्दला जाणार नाही, असं त्याला तोंडावर सांगायचं सुगंधानं ठरवलं होतं. ठरवलं होतं म्हणजे सगळ्यांनी. दर बैठकीत ती विचारायची, "लढायचं की नाही?" आणि खोली दणाणायची, "होऽऽ!" सगळ्यांत मोठा होऽऽ मालनचा. मालन शेजारीण, कोकणातही शेजारच्याच गावची. मोर्च्यात कायम सुगंधाच्या पाठीशी.

आणि तो कुंडलिक, बिल्डरचा माणूस, परवा पानाच्या ठेल्यावर सुगंधाला म्हणाला, "काय सुगंधाबाई, तुमच्यातल्याच काही जणींना मानखुर्द पसंत आहे म्हणे!"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. असलं याच्या कानात कुणी घातलं? कोण फुटलं? जुनं माणूस कोण फुटणार! नवीन एकच होती. आल्यापासून ही मृणालिनी जिला तिला विचारत सुटलेली, तुला काय वाटतं, तुला काय वाटतं. आणि शनिवारी तर सुगंधानं डोळ्यांनी बघितलं, बैठक सुटल्यावर बाई मालनला घेऊन उतारावरून चालली होती, अगदी डोक्याला डोकं लावून. सुगंधा दिसताच दोघी गप्प. कुठंतरी पाणी मुरत होतं.

रविवारी बैठक चालवायची पाळी सुगंधाची होती. झकास, म्हटलं, तुझ्याच गोलात तुला पकडते.

सगळ्या बसल्या. सुगंधानं करवंटी हातात धरली आणि मृणालिनीकडे रोखून बघत विचारलं, "मानखुर्दची गोष्ट कुंडलिककडे कुणी नेली?"

मग करवंटी गोलाच्या मध्ये ठेवली आणि गप्प बसली. बाईनं शिकवलं म्हणून नव्हे हं! चांगला घाम फुटू दे हिला, म्हणून. बाहेर नळावर कळशी भरल्याचा आवाज येत होता. मृणालिनी खाली बघत होती. बघ, बघ, सुगंधा मनात म्हणाली, कशी मान खाली घालून बसलीय चोर!

करवंटी उचलली ती मालननं.

"मियाच गेल्लंय गो बाय," ती म्हणाली. "मानखुर्दाक. जागा बघूक. कुंडलिकानंच दाखवल्यान."

सुगंधाला वाटलं, हिला कुणीतरी शिकवून बसवलंय. तिनं तोंड उघडलं, पण करवंटी मालनच्या हातात होती आणि मालन ती सोडत नव्हती.

"गेल्या पावसात डोंगराची माती माझ्या मागल्या भिंतीक येवन लागली. तेव्हापासून पाऊस इलो की पोराक मांडीर घेवन बसान रवतंय. माका भीती वाटता गो. लढूचा धीर नाय."

"मग मला का नाही सांगितलंस?" सुगंधा ओरडलीच. "माझ्या दारात रोज येतेस ना तू?"

"तू इचारतस कधी? तू इचारतस, लढायचं की नाही. त्याका नाय कोण म्हणतला? तुझो आवाज इलो की तोंडातसून हो आपोआप येता."

करवंटी पुढे सरकली. म्हाताऱ्या रुक्मिणीनं ती घेतली आणि हळूच म्हणाली, "माझीही भिंत भेगाळलीय." चंपानं नुसती मान डोलावली.

सुगंधा मृणालिनीवर उलटली. "तुम्हाला ठाऊक होतं!"

"काल कळलं. पण ते मालननं तुम्हाला सांगायचं होतं. मी सांगितलं असतं, तर तुम्ही कुणावर विश्वास ठेवला असता?"

सुगंधाला एकदम रडूच यायला लागलं, आणि रडणं तिला परवडणारं नव्हतं. उद्या साहेब येणार. वस्ती हातातून सुटतेय, आवरायला हवी. ती उठून उभी राहिली, मूठ वर गेली आणि सवयीनं आवाज फुटला.

"आपण सगळ्या एक आहोत की नाही?"

"होऽऽ!"

खोली दणाणली. रुक्मिणीचं तोंड उघडं, चंपाचं उघडं, डोळे पुसणाऱ्या मालनचंही उघडं. मालन स्वतःच दचकली आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

सुगंधाची मूठ वरच राहिली. इतकी वर्षं ती ज्या आवाजावर जगली, त्याची तिला पहिल्यांदा भीती वाटली. कोणकोणत्या मोर्च्यात, कोणकोणत्या होऽऽच्या मागे काय काय गिळलं होतं या बायकांनी, देव जाणे. ती एकेकीच्या तोंडाकडे बघत राहिली, मघा मृणालिनीकडे बघत होती तसंच.

मग ती खाली बसली, गोलात. करवंटी तिनं मालनपुढे सरकवली.

"साहेबाला उद्या काय सांगायचं, ते मी ठरवलेलं नाही," ती म्हणाली. "तू सांग. मी थांबते."