लताबाईंची कंप्लेंट

गिऱ्हाइकाच्या नवव्या बोटावर संजना जुना जेलचा रंग काढायचं फॉइल गुंडाळत होती, तेवढ्यात काचेचं दार ढकलून एक माणूस आत आला. डोक्याचा ताजा गोटा, कमरेला ओला पंचा, खांद्यावर उपरणं आणि पायांत काहीच नाही. नखरा नेल स्टुडिओत पुरुष येतच नसत असं नाही. नवरे यायचे, बिल भरायचे आणि बायकोचं होईस्तोवर बाहेर स्कूटरवर बसून राहायचे. ओल्या पंच्यात मात्र अजून कुणी आलं नव्हतं.

"कंप्लेंट कोण घेतं इथं?" त्यानं विचारलं.

कंप्लेंट संजना घ्यायची. दुकानाच्या मालकीण मनीषा मॅडम पुण्याला जाऊन कंप्लेंट कशी घ्यावी याचा एक दिवसाचा कोर्स करून आल्या होत्या आणि आल्या आल्या त्यांनी ते काम संजनावर टाकलं होतं. आधी हसायचं. मग वाईट वाटलं असं म्हणायचं, पण चूक झाली असं म्हणायचं नाही. मग नखं बघायची आणि घरात भांडी कोण घासतं ते सहज विचारायचं. जेल लवकर निघालं तर त्यामागे बहुतेक वेळा भांडीच असतात, असं मॅडमचं मत होतं. ज्या वेळी नसतात त्या वेळी गिऱ्हाईक खोटं बोलत असतं.

सगळं तोंडपाठ असल्यामुळे संजना हसली. "सॉरी दादा, तुम्हाला त्रास झाला. कुणाची नखं? जरा बघू द्या."

"आईची," तो म्हणाला. "ती कशी दाखवू? जाळली ना."

फॉइलवाल्या बाईंनी दोन्ही हात मांडीवर घेतले. संजनाच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. ते कसं काढायचं हे तिला पटकन सुचेना.

तो नवनाथ होता, मखमलाबादच्या लताबाईंचा मुलगा. लताबाई म्हटल्यावर संजनाला लगेच आठवलं. झेंडू आणि शेवंती लावणारं घर, लताबाई स्वतः पहाटे फुलं घेऊन बाजारात बसायच्या. लेकाच्या साखरपुड्याला मुलीकडच्या सगळ्या बायका नखं करून येणार म्हणून त्याही आल्या होत्या, एकट्याच. रंगांचं पान त्यांनी हातातही घेतलं नव्हतं. काटेरी वांग्याचा दे, म्हणाल्या होत्या, पण कोवळ्या वांग्याचा. त्या गेल्याचं संजनाला आत्ता कळत होतं. तीन आठवड्यांच्या गॅरंटीच्या आत गिऱ्हाईकच संपलं, असं या दुकानात पहिल्यांदा होत होतं आणि पुण्याच्या कोर्समध्ये त्यावर काही नव्हतं.

नवनाथनं उभ्यानंच सांगितलं. आज दहावा. सकाळपासून सगळे रामकुंडावर आहेत. पिंड मांडून झाला, कावळा आला, विजेच्या तारेवर बसला, पण खाली उतरायला तयार नाही. वडिलांनी हात जोडून तंबाखू सोडली. नवनाथनं लग्न याच साली करतो म्हणून कबूल केलं. ठिबकच्या नळ्या बदलायचं झालं, गाय विकणार नाही हेही झालं. गायीच्या नावाला कावळ्यानं मान तरी वळवली, पण तेवढंच. मग कलाबाईंना, म्हणजे त्याच्या आत्याला, नखांचं आठवलं. चार दिवसांत अंगठ्याचं निघालं होतं, आई ते सांगायला दुकानात गेली होती आणि तशीच परत आली होती. तिचा जीव त्यातच अडकलाय, असं आता सगळ्यांचंच म्हणणं पडलं.

"तुम्ही फक्त चला आणि सांगा, परत करून देते म्हणून," नवनाथ म्हणाला. "गुरुजींना दुसरी माणसं हायेत मागं."

मनीषा मॅडम संजनाला बेसिनपाशी घेऊन गेल्या. जा म्हणाल्या, कुणाच्या आत्म्याला नाही म्हणायचं नसतं. परत करून देऊ एवढंच बोल, आमचं चुकलं असं तिथंही म्हणू नकोस. आणि दुकानाचं नाव लिहिलेला अॅप्रन काढू नको, तिथं गर्दी असते.

मोटरसायकलवर नवनाथच्या उघड्या पाठीमागे बसल्यावर संजनाला ती दुपार टाळता आली नाही. लताबाई अंगठ्याचं सांगायला आल्या त्या दिवशी दुकानात दुसऱ्याच कुणा नवरीसकट अख्खी करवल्यांची फौज होती. दारात उभं राहून त्यांनी अंगठा वर केला. खुशाली सांगतायत असं वाटून संजनानंही अंगठा वर केला. मग त्या जवळ आल्या आणि निघालेलं जेल तिला दिसलं. "पाच मिनिटं, मावशी," ती म्हणाली. लताबाई बाकावर बसल्या. पायाशी रिकाम्या पाट्या, एका हाताखाली दुसऱ्या हाताचा अंगठा लपवलेला, जसं काही त्यांनीच तो चोरून आणला होता. मग दुसरी पाच मिनिटं झाली, आणि तिसरी. त्यांनी एकदाही विचारलं नाही. नवरीचा शेवटचा खडा चिकटवून संजनानं मान वर केली तेव्हा बाक रिकामा होता आणि त्यावर झेंडूच्या थोड्या पाकळ्या होत्या. त्या तिनंच झाडल्या होत्या.

कुंडावर पोचल्यावर कलाबाईंनी तिला दंडाला धरून पुढे केलं. अंगानं आडव्या, आवाजानं उभ्या अशा त्या बाई. त्यांनी तारेकडे पाहून सांगितलं, "हीच ती. बघ, आणली."

कावळ्यानं चोच तारेला घासली.

पायरीवर पत्रावळ होती, तिच्यात भाताचे पिंड, वर दही, बाजूला लताबाईंना आवडायची म्हणून भजी. भज्यांवर जरा वाद झाला असावा, कारण कलाबाई अजूनही म्हणत होत्या की वहिनीला भजी कधी आवडायची, ती तर सगळ्यांना वाढून उरलेला चुरा खायची. शेजारी टोपी घातलेला एक वाळका म्हातारा उकिडवा बसला होता. ते सहादू, लताबाईंचे मालक. त्यांनी संजनाच्या अॅप्रनवरचं गुलाबी नख पाहिलं आणि पुन्हा पिंडाकडे नजर नेली.

संजनानं हात जोडले. कावळ्याशी बोलायचं की लताबाईंशी, हे तिला ठरवता येईना. शेवटी ती दोघांच्या मधे कुठंतरी बघून म्हणाली, की मावशी, तुमची कंप्लेंट घेतली आहे, सगळी नखं नव्यानं करून देते, पैसे लागणार नाहीत.

कावळा बसून राहिला.

"पायाची पण म्हण," कलाबाई कुजबुजल्या.

पायाचीही करून देते, असं संजनानं सांगितलं. कलाबाईंनी आणखी काय काय असतं ते विचारलं आणि मग मालिश, भेगांचं मलम, चमकीचे खडे असं सगळं कबूल होत गेलं. एका बाजूला उभ्या असलेल्या पाहुणीनं हळूच विचारलं, की हे सगळं मिळून केवढ्याला बसतं. गुरुजींनी घड्याळ पाहिलं.

तेवढ्यात कावळा उडाला. सगळे मागे सरकले, सहादूंच्या टोपीखालची शीर वर आली. कावळा त्यांच्या डोक्यांवरून गेला, पलीकडच्या पायरीवर उतरला आणि तिथल्या लोकांच्या पिंडाचा मोठा लचका तोडून मोकळा झाला. ती माणसं आत्ताच आली होती. त्यांनी हात जोडले, पाण्याचा तांब्या ओतला आणि चपला शोधायला सुरुवात केली. त्यांच्या आजोबांची कुणाबद्दल काही तक्रार नसावी. कावळा परत तारेवर येऊन बसला.

नवनाथनं उपरण्यानं तोंड पुसलं आणि पुसतच राहिला. मघापर्यंत तो धावपळ करणारा माणूस होता. आता त्याच्याकडे धावायला जागा उरली नव्हती, आणि तो एकदम आई नसलेला मुलगा दिसायला लागला.

गुरुजींनी पिशवीतून दर्भ काढले. वाईट वाटून घेऊ नका, म्हणाले, पुष्कळदा होतं असं. दर्भाचा कावळा करून शिववला तरी चालतं, शास्त्रात सोय आहे. बोलता बोलता त्यांच्या बोटांनी चोच करून झालीसुद्धा.

"थांबा," सहादू म्हणाले.

गुरुजी थांबले. सहादूंनी संजनाला जवळ बोलावलं. "पोरी, ती तुझ्यापाशी किती वेळ होती? नखं केली तवा."

"दीड-दोन तास, काका."

"काय बोलली?"

"ती कुठली बोलतीय," कलाबाई म्हणाल्या. "वहिनी म्हंजे मुकी गाय आपली."

संजनानं त्यांच्याकडे पाहिलं. लताबाई त्या दिवशी एक क्षण गप्प बसल्या नव्हत्या. हात दिव्याखाली अडकले की माणसाला दुसरं काही करता येत नाही, म्हणून बायका बोलतात. पण लताबाई अशा बोलत होत्या, जसं बांध फुटल्यावर पाणी कुणाच्या वावरात चाललंय हेही बघत नाही. जेल सुकवायचा दिवा त्यांनी दोनदा जास्त लावून घेतला होता. गरज नव्हती. बरं वाटतंय, म्हणाल्या होत्या, बसू दे जरा.

"बोलल्या," संजना म्हणाली. "बरंच बोलल्या."

"माझ्यावर?"

"सगळ्यांवरच. हसत हसत. मनावर घेण्यासारखं नाही, काका. गंमतच करत होत्या त्या."

"सांग."

संजनानं अॅप्रनचं टोक बोटाला गुंडाळलं. जेल निघालं तर काय बोलायचं हे तिला शिकवलं होतं. हे कुणी शिकवलं नव्हतं.

"सासूबाईंच्या दहाव्याला कावळा लगेच शिवला म्हणाल्या. घाईची बाई होती, म्हणाल्या." ती थांबली. सहादू वाट पाहत होते. "माझ्या वेळी त्याला सांगून ठेवणार आहे, म्हणाल्या, की झटकन शिवू नको. बसू दे सगळ्यांना. रोज मी ताटं करून बसते. एक मोटर बंद करून येतो, एक बाजारातून येतो, एक येतच नाही. सगळ्यांचं होईपर्यंत माझं गार. तर एक दिवस त्यांनी बसावं माझ्यासाठी. एवढंच म्हणाल्या. आणि इतक्या हसल्या की ब्रश हलला माझा, बोटाला रंग लागला."

कलाबाईंच्या तोंडून हसू फुटलं. ते त्यांना आवरायचं होतं, पण अर्ध्यात त्याचं काहीतरी दुसरंच झालं आणि त्यांनी पदर तोंडात धरला. नवनाथ खाली बघत होता. गुरुजींच्या हातात दर्भाचा कावळा होता. तो कुठं ठेवावा हे त्यांना समजेना, म्हणून त्यांनी तो नीट पाठीमागे धरला.

सहादू उकिडवे होते, ते खाली बसले. मांडी घातली. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"गुरुजी, तुम्ही त्या लोकांचं घ्या करून," ते म्हणाले. "आम्ही हाय इथं."

नवनाथनं हलक्या आवाजात सांगितलं की घरी पंगत खोळंबलीय, आचाऱ्याचे दोन फोन आले, भात उतरवून ठेवलाय, सगळं गार होईल.

"होऊ दे गार."

नवनाथ बसला. त्याला बघून कलाबाई बसल्या, मग एकेक करत मागचे पाहुणेही बसले. ज्या पाहुणीनं भाव विचारला होता तिनं पिशवी पायरीवर अंथरून घेतली. संजनाच्या अॅप्रनच्या खिशात फोन वाजत होता. मॅडम असणार, फॉइल गुंडाळलेल्या बाई अजून तशाच असणार. तिनं फोन बंद केला आणि कलाबाईंच्या शेजारी जागा होती तिथं बसली. कुणी तिला जा म्हणालं नाही.

ऊन पायरीवरून पत्रावळीपर्यंत आलं. दह्याला पाणी सुटायला लागलं. कावळा तारेवर पंख साफ करत होता आणि आता त्याच्याकडे फारसं कुणी बघत नव्हतं.

बऱ्याच वेळानं सहादूंनी मुलाकडे मान वळवली.

"किती वाजता जेवायची रे तुझी आई?"

नवनाथनं आत्याकडे पाहिलं. कलाबाईंनी पाण्याकडे पाहिलं. मागच्या पाहुण्यांत थोडी चुळबूळ झाली, कुणीतरी दोन म्हणालं, कुणी तीन.

सहादूंनी मान हलवली आणि टोपी परत गुडघ्यावर नीट केली.